मुक्या प्राण्यांच्या कैवारी : फ्रान्सेस पॉवर कॉब

कुत्रा हा धन्याच्या हाकेवर भरवसा ठेवणारा प्राणी आहे. बोलावले म्हणजे तो येतो, बांधले म्हणजे उभा राहतो, आणि ज्या हाताने दुखविले तोच हात पुन्हा चाटतो. हा त्याचा गुण शेतकऱ्यास व मेंढपाळास उपयोगी पडला. तसाच तो शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांसही पडला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रयोगशाळांत जिवंत कुत्र्यांची चिरफाड वाढत्या प्रमाणावर होऊ लागली, आणि पुढे विसाव्या शतकात केवळ ह्याच कामासाठी कुत्री पैदा करून वाढविण्याचा धंदा उभा राहिला. जिवंत प्राण्यांच्या ह्या चिरफाडीस जीवच्छेदन असे म्हणतात. तिच्याविरुद्ध लोकमत जागे करण्यात ज्यांनी आपल्या आयुष्याची अखेरची तीस वर्षे वेचली, त्या फ्रान्सेस पॉवर कॉब ह्या बाईंचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

कॉबबाईंचा जन्म आयर्लंड देशातील डब्लिन शहरी ४ डिसेंबर १८२२ रोजी झाला. योगायोग असा की, गुराढोरांस क्रूरपणे मारहाण करणारास शिक्षा सांगणारा मार्टिनचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटात त्याच साली झाला. आणि तो मांडणारे रिचर्ड मार्टिन हेही आयरिश गृहस्थच होते. दोन वर्षांनी, १८२४ साली, आर्थर ब्रूम नावाच्या पाळकांच्या पुढाकाराने लंडन येथे प्राण्यांवरील क्रूरतेचे निवारण करणारी संस्था स्थापन झाली. ह्या संस्थेच्या कर्जापायी त्या पाळकांस तुरुंगवासही सोसावा लागला. १८३५ साली कुत्र्यांसही कायद्याचे संरक्षण मिळाले. म्हणजे भर रस्त्यात गाडीवानाने घोड्यास झोडपले तर त्यास दंड होऊ लागला. परंतु प्रयोगशाळेच्या बंद दारामागे काय चालते हे पाहण्याची सोय ह्या कायद्यांत नव्हती.

कॉब घराणे जमीनदारांचे होते. त्यांचे एक पूर्वज डब्लिनचे आर्चबिशप होऊन गेले. डोनाबेट गावाजवळील न्यूब्रिज नावाच्या वाड्यात, चार थोरल्या भावांच्या पाठीवर झालेली ही एकुलती एक कन्या वाढली. घरचे वळण धर्मशील व कडक होते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला इंग्लंडात ब्राइटन येथील एका खर्चिक शाळेत पाठविले. तेथे दोन वर्षे गेली, पुष्कळ पैसा गेला, आणि हाती लागले ते संगीत, नृत्य व बैठकीतील रीतभात एवढेच. ह्या शिक्षणाचा पोकळपणा त्यांच्या मनास कायमचा टोचून राहिला. घरी परतल्यावर त्यांनी वडिलांच्या ग्रंथसंग्रहातून आपले आपण अध्ययन केले, आणि गावच्या पाळकांपासून ग्रीक भाषा व भूमिती ह्यांचे धडे घेतले.

येथे एक गोष्ट आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. तरुणपणीच कॉबबाईंच्या मनात आपल्या घराच्या धर्ममतांविषयी शंका उत्पन्न झाल्या. देव आहे, तो न्यायी व दयाळू आहे, आणि मनुष्याच्या अंतःकरणात त्याने सदसद्विवेक ठेविला आहे, हे त्यांनी कधीही सोडिले नाही; परंतु पवित्र शास्त्राविषयी व प्रभूविषयी मंडळीचा जो विश्वास आहे तो त्या धरून राहिल्या नाहीत. १८४७ साली त्यांची आई वारली. त्यानंतर त्यांनी आपले मत वडिलांस स्पष्ट सांगितले. वडिलांनी रागावून त्यांस काही महिने डोनेगॉल प्रांती भावाच्या घरी धाडून दिले. पुढे वडिलांनी परत बोलाविल्यावर, मागचा सल न धरता, १८५७ साली त्यांचा अंत होईपर्यंत ह्याच कन्येने त्यांचे घर सांभाळिले. त्यांच्या धर्ममताशी आमचे मत जुळत नाही. तथापि ज्या कामाकरिता त्या स्मरणात राहिल्या, त्यात श्रद्धाळू ख्रिस्ती पुढारी त्यांच्या खांद्याशी खांदा लावून उभे राहिले, हे पुढे दिसेलच.

वडिलांच्या मागे वाडा भावाकडे गेला. बाईंच्या वाट्यास वर्षासनाची लहानशी रक्कम आली. त्यांनी मात्र घाबरून न जाता एकटीने इटली, ग्रीस, मिसर व पॅलेस्टाईन येथवर प्रवास केला. त्या काळी ही गोष्ट धाडसाची होती. परत आल्यावर १८५८ साली त्या ब्रिस्टल शहरी मेरी कार्पेंटर ह्यांच्या मदतीस गेल्या. ह्या मेरी कार्पेंटर म्हणजे ज्या १८६६ साली स्त्रीशिक्षणाचे काम पाहण्यास हिंदुस्थानात आल्या व मुंबईसही येऊन गेल्या, त्याच होत. त्यांनी ब्रिस्टल येथे गुन्हेगार ठरलेल्या मुलींसाठी सुधारगृह चालविले होते. कॉबबाईंनी तेथे रस्त्यावर वाढलेल्या मुलींस शिकविण्याचे काम केले. पुढे घोट्यास इजा होऊन त्यांस काही वर्षे कुबड्यांवर चालावे लागले. तरी त्या सरकारी दीनगृहांत जात व तेथे खितपत पडलेल्या असाध्य रोग्यांची स्थिती पाहून ती वर्तमानपत्रांतून व सभांतून मांडीत.

पुढे त्या आपली मैत्रीण मेरी लॉइड ह्यांजबरोबर लंडनास राहू लागल्या. मेरी लॉइड ह्या वेल्स प्रांतातील मूर्तिकार होत्या. कॉबबाई लेखणीवर पोट भरीत. एको नावाच्या सायंकाळच्या स्वस्त पत्रात त्या १८६८ पासून सुमारे सात वर्षे अग्रलेख लिहीत असत. स्त्रियांस विश्वविद्यालयाच्या पदव्या मिळाव्यात असा निबंध त्यांनी १८६२ साली वाचला, तेव्हा पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. परंतु १८७८ साली लंडन विश्वविद्यालयाने तो दरवाजा उघडिला. त्याच १८७८ साली, नवऱ्यांच्या हातून बायकांस होणाऱ्या अमानुष मारहाणीविषयी त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. पत्नीस गंभीर मारहाण केल्याबद्दल ज्यास शिक्षा झाली, त्या नवऱ्यापासून तिला विभक्त राहता यावे व पोटगी मिळावी, असा कायदा त्याच वर्षी झाला. त्यामागे ह्या लेखाचा मोठा वाटा होता.

सुधारगृहातील मुलगी, दीनगृहातील रोगी, मार खाणारी बायको, ह्या तिघांची दुःखे वेगळी. परंतु तिघेही दुसऱ्याच्या सत्तेखाली, बंद दारामागे होते, आणि त्यांचे दुःख बाहेर सांगणारा कोणी नव्हता. कॉबबाईंनी ओळखिले की, ज्याच्या हाती सत्ता आहे तो मनुष्य वाईटच असतो असे नाही. परंतु त्याच्या दाराशी साक्षीदार नसला म्हणजे चांगल्या मनुष्याचाही हात हळूहळू जड होत जातो. हीच दृष्टी घेऊन त्या प्रयोगशाळेच्या दाराशी आल्या. रोगी व बायको ह्यांस निदान वाचा तरी असते. कुत्र्यास ती नाही.

ह्या कामाची पहिली ठिणगी १८६३ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी पडली. कॉबबाई त्या वेळी वर्तमानपत्राच्या बातमीदार म्हणून तेथे होत्या. मॉरिट्झ शिफ नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक जिवंत कुत्रे व इतर प्राणी ह्यांवर प्रयोग करितात, अशी चर्चा शहरात चालली होती. बाईंनी एक विनंतीपत्र तयार केले, व त्यावर शहरातील शेकडो प्रतिष्ठित लोकांनी सह्या केल्या. प्राध्यापकांनी ते मनावर घेतले नाही. परंतु ही गोष्ट बाईंच्या मनातून गेली नाही. त्यांच्या घरी कुत्रे असे, व त्यांचे त्याच्यावर फार प्रेम होते. १८६७ साली तर त्यांनी एका हरवलेल्या कुत्रीची कहाणी तिच्याच तोंडून सांगितल्याप्रमाणे लिहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

१८७४ च्या ऑगस्टात इंग्लंडातील नॉरिच शहरी डॉक्टरांची मोठी परिषद भरली होती. तेथे मान्यां नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने मद्याचे परिणाम दाखविण्यासाठी जमलेल्या लोकांसमोर कुत्र्यांच्या शरीरात मद्य टोचिले. पाहणाऱ्या काही डॉक्टरांनाच ते दृश्य असह्य होऊन त्यांनी विरोध केला. क्रूरतानिवारक संस्थेने खटला भरिला. परंतु तोवर फ्रेंच डॉक्टर स्वदेशी निघून गेले होते, व इतरांवरील आरोप सिद्ध झाला नाही. प्रचलित कायदा प्रयोगशाळेपुढे किती दुबळा आहे, हे ह्यावरून सर्वांस कळून आले. तेव्हा कॉबबाईंनी संस्थेस एक विनंतीपत्र सादर केले. त्यावर सहाशेंहून अधिक सह्या होत्या, व त्यांत कवी टेनिसन व ब्राउनिंग, लेखक कार्लाइल, आणि लॉर्ड शाफ्ट्सबरी अशी मोठमोठी नावे होती. तरीही संस्थेने ह्या कामी पुढाकार घेतला नाही.

इतक्यात १८७५ च्या फेब्रुवारीत जॉर्ज हॉगन ह्या तरुण डॉक्टरांचे एक पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आले. त्यांनी स्वतः फ्रान्समधील एका नामांकित शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत चार महिने काम केले होते. तळघरातून वर आणिलेले कुत्रे तेथील हवेचा वास लागताच कसे भयभीत होत, आणि खोलीत असलेल्या प्रत्येक मनुष्याजवळ जाऊन डोळ्यांनी, कानांनी व शेपटीने दयेची याचना कशी करीत, हे त्यांनी लिहिले. दारामागून आलेली ही पहिली डोळ्यांदेखतची साक्ष होती. ती वाचून देशभर खळबळ उडाली.

त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या आज्ञेने एक चौकशीमंडळ नेमिले गेले. वर्ष संपण्याच्या सुमारास कॉबबाई व डॉक्टर हॉगन ह्यांनी प्राणिरक्षणासाठी निराळी संस्था स्थापिली. ती जेथे होती त्या रस्त्यावरून लोक तीस व्हिक्टोरिया स्ट्रीट सोसायटी म्हणत. लॉर्ड शाफ्ट्सबरी तिचे अध्यक्ष झाले. कोळशाच्या खाणींत व गिरण्यांत राबणाऱ्या मुलांची सुटका ज्यांच्या प्रयत्नाने झाली, ते हेच श्रद्धावान ख्रिस्ती उमराव. चौकशीमंडळापुढे साक्ष देताना क्लाइन नावाच्या एका शास्त्रज्ञांनी आपणांस प्राण्यांच्या दुःखाची पर्वा नसते असे उघड कबूल केले. ह्या एका कबुलीने जे झाले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते.

१८७६ च्या मे महिन्यात लॉर्ड कार्नार्व्हन ह्यांनी उमरावांच्या सभेत कायद्याचा मसुदा मांडिला. कुत्री व मांजरे ह्यांवर प्रयोग करण्यास त्यात अजिबात बंदी होती. बाईंस वाटले, आता काम फत्ते झाले. परंतु डॉक्टरांच्या मोठ्या शिष्टमंडळाने सरकारवर वजन आणिले, आणि १५ ऑगस्ट १८७६ रोजी जो कायदा झाला त्यातून ही बंदी निघून गेली होती. प्रयोग करणारास सरकारी परवाना पाहिजे, प्राण्यास गुंगीचे औषध दिले पाहिजे, असे त्यात होते. परंतु विशेष दाखला मिळविला म्हणजे गुंगीवाचूनही प्रयोग करता येई. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत एक दाखला अधिक लागे, एवढेच. शिवाय परवानेवाल्या मनुष्यावर खटला भरावयाचा तर गृहमंत्र्यांची लेखी संमती आवश्यक होती. दारास कुलूप तर लागले, पण किल्ली आतल्याच हाती राहिली, अशी बाईंची निराशा झाली. तथापि प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारा असा कायदा जगात ह्यापूर्वी कोठेही झाला नव्हता, हे सांगितले पाहिजे.

१८७८ साली बाईंच्या संस्थेने जीवच्छेदन समूळ बंद करावे, असे धोरण स्वीकारिले. त्यामुळे काही सभासद सोडून गेले. १८८१ साली फेरियर नावाच्या शास्त्रज्ञांवर माकडांच्या मेंदूवर परवान्यावाचून शस्त्रक्रिया केल्याचा खटला झाला. शस्त्रक्रिया त्यांनी नव्हे, तर परवाना असलेल्या दुसऱ्या गृहस्थांनी केल्या होत्या असे निघाले, व खटला फेटाळला गेला. इकडे प्रयोगांची संख्या वाढतच गेली. आरंभी वर्षास काही शेकडे होती, ती बाईंच्या मृत्यूच्या सुमारास हजारोंच्या घरात गेली.

येथे वाचक विचारतील की, प्रयोग केल्यावाचून औषधे कशी निघावी? हा प्रश्न रास्त आहे. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर ह्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस शोधिली. ती कुत्रे व ससे ह्यांवरील प्रयोगांतूनच निघाली. ही लस टोचण्याची संस्था १९०० साली कसौली येथे निघाली, व दूरदूरचे लोक तेथे जाऊन वाचले. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून मधुमेहावरील इन्शुलिन हाती आणिले. कॉबबाईंनी पाश्चर ह्यांच्या कामावरही कठोर टीका केली. त्या बाबतीत आम्ही त्यांच्या बाजूने बोलू शकत नाही. कुत्रा चावला तर जखम साबणाने व पाण्याने भरपूर धुऊन तत्काळ दवाखान्यात जावे व लस टोचून घ्यावी. ह्या कामी विलंब म्हणजे मरण होय. परंतु बाईंचा मूळ प्रश्न ह्याने मिटत नाही. लाभ मनुष्यास आणि वेदना कुत्र्यास, असा हा व्यवहार आहे; आणि त्यात हिशेब मांडणारा नेहमी लाभ घेणाराच असतो. वेदना किती झाली, ती खरोखर लागत होती काय, तिच्यावाचून ज्ञान मिळाले नसते काय, हे विचारणारा कोणी तरी बाहेरचा पाहिजेच.

मात्र बाहेरच्या साक्षीदारानेही खरेच बोलले पाहिजे. हा धडा बाईंस उतारवयात कडू रीतीने मिळाला. १८९२ साली त्यांच्या प्रेरणेने एक पुस्तक निघाले. त्यात शास्त्रज्ञांच्याच लेखांतून प्रयोगांची वर्णने उतरून घेतली होती. परंतु पुष्कळ ठिकाणी प्राण्यास गुंगीचे औषध दिले होते हा मजकूर गळला होता. वर्णने निवडण्याचे काम बाईंनी दुसऱ्यांवर सोपविले होते; पण पुस्तकामागे नाव व वजन त्यांचे होते. फोकस्टन येथे भरलेल्या चर्च काँग्रेसमध्ये शस्त्रवैद्य व्हिक्टर हॉर्स्ले ह्यांनी ही चूक भर सभेत दाखविली. बाईंस पुस्तक मागे घेऊन दुरुस्त करावे लागले. जी वर्णने खरी होती, त्यांवरूनही लोकांचा विश्वास ह्या एका गाळसाळीने उडाला. जो मुक्याची बाजू मांडतो त्याने आपला प्रत्येक शब्द दोनदा तपासावा. कारण त्याची साक्ष खोटी ठरली तर मुक्या प्राण्यास दुसरी साक्ष देता येत नाही.

१८८४ सालीच बाई कामाची सूत्रे दुसऱ्यांकडे देऊन मेरी लॉइड ह्यांजसह वेल्समधील डोलगेल्ली गावाजवळ हेंगर्ट येथे राहावयास गेल्या होत्या. १८९६ साली मेरी लॉइड वारल्या. दोन वर्षांनी आणखी एक घाव बसला. स्टीफन कोलरिज ह्यांच्या पुढारीपणाखाली त्यांच्याच संस्थेने असे ठरविले की, पूर्ण बंदी हे अखेरचे ध्येय ठेवावे, परंतु तोवर लहान सुधारणाही मागाव्या. बाईंस हे मान्य झाले नाही. १८७६ साली अर्धी भाकरी घेऊन काय झाले ते त्या विसरल्या नव्हत्या. पंचाहत्तर वर्षांच्या वयात त्यांनी आपल्या हातांनी वाढविलेली संस्था सोडिली, आणि १८९८ च्या जून महिन्यात ब्रिस्टल येथे पूर्ण बंदीसाठी नवी संस्था स्थापन केली. दोघांपैकी बरोबर कोण, ह्याचा वाद आजही त्या देशात मिटलेला नाही. ५ एप्रिल १९०४ रोजी हेंगर्ट येथे त्यांचे देहावसान झाले. लानेल्टिड गावच्या चर्चच्या आवारात आपल्या मैत्रिणीच्या शेजारी त्या विसावा घेत आहेत.

त्यांच्यामागे दोन वर्षांनी, १९०६ साली, इंग्लंडात असा कायदा झाला की, पोलिसांनी पकडलेले बेवारशी कुत्रे जीवच्छेदनासाठी कोणास देऊ वा विकू नये. पुढे १९८६ च्या नव्या कायद्याने १८७६ च्या कायद्याची जागा घेतली. प्रयोगाची कुत्री ह्याच कामासाठी परवानेवाल्या पैदासगृहांत जन्मलेली असावी, असे त्यात ठरले. पाळीव कुत्र्यांची चोरी होऊ नये हा त्याचा चांगला परिणाम. परंतु त्याबरोबर बीगल जातीची कुत्री पिंजऱ्यातच जन्मावी व प्रयोगातच संपावी, हा धंदा कायदेशीर झाला. अंगाने लहान, स्वभावाने गरीब, व मनुष्यावर रागावणे न जाणणारी, म्हणून हीच जात निवडली जाते. हिंदुस्थानातही १९६० च्या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीची तरतूद झाली, व १९९८ च्या नियमांनी असे प्राणी पैदा करणारांस नोंदणी करणे भाग पडले.

२०२२ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अशा एका पैदासगृहाची सरकारी तपासणी झाली. तेथे कुत्र्यांची आबाळ होत असल्याचे आढळले. मग न्यायालयाच्या संमतीने सुमारे ४,००० बीगल कुत्री सोडवून लोकांच्या घरी देण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशाने कायदा बदलून, नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणी ही सक्तीची अट राहू दिली नाही. मनुष्याच्या पेशींवरील व इतर नव्या पद्धतींच्या चाचण्याही चालतील असे ठरविले.

ही दारे उघडली ती तपासनीस आत गेले, त्यांनी पाहिले ते जसेच्या तसे लिहिले, आणि लिहिलेले न्यायालयापुढे टिकले म्हणून. १८७५ साली कॉबबाईंनी हेच मागितले होते. त्या ४,००० कुत्र्यांपैकी पुष्कळांनी गवतावर पहिल्यांदा पाय ठेविला तो त्या उन्हाळ्यात.